सेवामुक्तीचा शेरा बदलून घेता येतो का? अमेरिकी लष्करातील माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

अमेरिकी लष्करातून बाहेर पडणाऱ्या सैनिकाला 'डीडी-२१४' नावाचे प्रमाणपत्र मिळते. सेवेचा कालावधी, पदके, प्रशिक्षण आणि बाहेर पडण्याचे कारण यांची त्यात नोंद असते. त्याच्या चोविसाव्या रकान्यात सेवा कशी झाली याविषयीचा लष्कराचा शेरा दोन-चार शब्दांत लिहिलेला असतो. पुढे नोकरी, उच्चशिक्षणासाठीचे अनुदान, वैद्यकीय उपचार, घरासाठीचे कर्ज आणि सैनिक परदेशी नागरिक असेल तर अमेरिकी नागरिकत्व, या सर्व गोष्टी त्या शेऱ्यावर अवलंबून राहतात.

भारतीय वंशाच्या कुटुंबांतील तरुण-तरुणीही या लष्करात सेवा करतात आणि मराठी घरेही त्याला अपवाद नाहीत. सन्मानाने सेवा पूर्ण झाली तर त्याचा उल्लेख कौतुकाने होतो. शेरा प्रतिकूल असेल तर तो कागद कपाटात जातो आणि घरात त्याविषयी कुणी बोलत नाही. या मौनात वर्षे निघून जातात, आणि अर्ज करण्याच्या मुदती त्याच वर्षांत संपत असतात. शेरा बदलून मागण्याचा हक्क अमेरिकी कायद्याने दिलेला आहे. तो कोणाकडे, कोणत्या मुदतीत आणि कोणत्या आधारावर मागावा, याची माहिती येथे देत आहोत.

शेऱ्याचे प्रकार

प्रशासकीय मार्गाने दिले जाणारे शेरे मुख्यतः तीन आहेत. 'ऑनरेबल' म्हणजे सन्माननीय सेवामुक्ती. 'जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स' म्हणजे सेवा समाधानकारक, परंतु वर्तनात काही उणिवा. तिसरा 'अदर दॅन ऑनरेबल', म्हणजे गंभीर गैरवर्तनामुळे दिलेली, सन्माननीय नसलेली सेवामुक्ती. त्यासाठी लष्करी न्यायालयात खटला चालावा लागत नाही. सेवेच्या अगदी सुरुवातीच्या काळात बाहेर पडलेल्यांना बहुधा कोणताही शेरा न देता मुक्त केले जाते.

उरलेले दोन प्रकार शिक्षेचे आहेत. 'बॅड कंडक्ट' सेवामुक्ती विशेष किंवा सर्वसाधारण लष्करी न्यायालय देऊ शकते, तर 'डिसऑनरेबल' सेवामुक्ती केवळ सर्वसाधारण लष्करी न्यायालय देते. डिसऑनरेबल शेरा मिळालेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगण्यासही मनाई आहे.

साताऱ्या-कोल्हापूरकडील निवृत्त सैनिकांच्या घरांत 'डिस्चार्ज बुक' आणि त्यातील चारित्र्याचा शेरा परिचयाचा असतो. भारतात सेवेविषयीच्या तक्रारींसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. अमेरिकेतील रचना वेगळी आहे. तेथे शेरा बदलण्याचा अर्ज प्रथम न्यायालयाकडे जात नाही. तो संबंधित सेनादलाच्या खात्यातील मंडळाकडे करावा लागतो.

एका शेऱ्याची किंमत

माजी सैनिकांचे कल्याण पाहणारे 'व्हीए' खाते उपचार, अपंगत्वाची भरपाई, घरकर्जाची हमी आणि शिक्षणाचे लाभ देते. जनरल शेरा असलेल्यांना यांपैकी बहुतेक लाभ मिळतात, मात्र 'जीआय बिल'खालील शिक्षणाच्या लाभासाठी पूर्णतः सन्माननीय शेरा लागतो. अदर दॅन ऑनरेबल शेरा असेल तर व्हीए त्या सैनिकाच्या सेवेची स्वतंत्र तपासणी करते आणि मगच लाभांचा निर्णय घेते.

येथे एक गल्लत नेहमी होते. व्हीएने अनुकूल निर्णय दिला तरी डीडी-२१४ वरचा शेरा बदलत नाही. तो बदलण्याचा अधिकार केवळ सेनादलांच्या मंडळांना आहे. हे दोन स्वतंत्र मार्ग असून दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करता येतो. ज्याला उपचारांची तातडीची गरज आहे त्याने मंडळाच्या निकालाची वाट न पाहता व्हीएकडे तपासणीची मागणी करावी. युद्धक्षेत्रात सेवा केलेल्या किंवा सेवेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या अनेक सैनिकांना अदर दॅन ऑनरेबल शेरा असूनही मानसिक आरोग्याचे उपचार मिळू शकतात. आत्महत्येचे विचार मनात येत असतील तर ९८८ हा क्रमांक लावून १ दाबल्यास माजी सैनिकांसाठीच्या मदतवाहिनीशी बोलता येते. त्यासाठी शेरा आड येत नाही.

निळ्या कागदाचा इतिहास

प्रतिकूल शेरा म्हणजे दोष सिद्ध झाला, असे समजणे चुकीचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कर एक प्रकारची सेवामुक्ती निळ्या कागदावर देत असे. ती सन्माननीय नव्हती आणि अपमानास्पदही नव्हती. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात लष्कराने अशा ४८ हजारांहून अधिक सेवामुक्त्या दिल्या. त्यांपैकी सुमारे २२ टक्के कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला आल्या, जेव्हा लष्करात त्यांचे प्रमाण सुमारे साडेसहा टक्के होते. समलिंगी असल्याच्या संशयावरूनही अनेकांच्या हाती हा कागद ठेवण्यात आला. खटला नाही, सिद्ध झालेला गुन्हा नाही, तरीही नोकरी देणारा तो कागद पाहून दार लावून घेत असे. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४५ मध्ये याविरुद्ध मोहीम उघडली आणि १९४७ मध्ये ही पद्धत बंद झाली.

सेवामुक्तीचे पुनर्विलोकन करणारी मंडळे याच काळातील आहेत. १९४४ च्या जीआय बिलाने त्यांची तरतूद केली आणि १९४६ च्या कायद्याने लष्करी नोंदी दुरुस्त करणारी मंडळे आली. लष्कराचा कागद चुकू शकतो, हे संसदेने तेव्हाच मान्य केले होते.

अलीकडच्या काळातील आकडेही बोलके आहेत. सरकारी कारभाराचे परीक्षण करणाऱ्या 'गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस'ने २०१७ मध्ये एक अहवाल दिला. २०११ ते २०१५ या आर्थिक वर्षांत गैरवर्तनाच्या कारणावरून ९१,७६४ सैनिकांना सेवेतून काढण्यात आले होते. त्यांपैकी ६२ टक्के सैनिकांना सेवामुक्तीपूर्वीच्या दोन वर्षांत पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर मानसिक ताण, मेंदूची इजा किंवा तत्सम विकारांचे निदान झालेले होते. या विकारग्रस्तांपैकी २३ टक्क्यांना अदर दॅन ऑनरेबल शेरा मिळाला. कामावर न येणे, मद्यपान, अमली पदार्थ, वरिष्ठांशी वाद या गोष्टी त्या आजाराची लक्षणे असू शकतात, आणि शिक्षा मात्र वर्तनाला झाली.

दोन मंडळे, दोन मुदती

पहिला मार्ग 'डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड'चा. भूदलाचे, नौदलाचे, हवाई दलाचे आणि तटरक्षक दलाचे मंडळ वेगळे आहे. मरीन कोरच्या सैनिकांनी नौदलाच्या, तर स्पेस फोर्सच्या सैनिकांनी हवाई दलाच्या मंडळाकडे जावे. अर्ज डीडी-२९३ या नमुन्यात करायचा असून सेवामुक्तीच्या तारखेपासून १५ वर्षांची मुदत आहे. केवळ कागदपत्रांवरून निर्णय मागता येतो किंवा सुनावणीसाठी उपस्थित राहता येते. कागदपत्रांवरील अर्ज फेटाळला गेला तरी मुदत शिल्लक असेल तर त्यानंतर सुनावणी मागता येते, म्हणून बरेच वकील आधी कागदपत्रांचा मार्ग सुचवतात. हे मंडळ शेरा सुधारू शकते, आहे त्याहून वाईट करू शकत नाही. सर्वसाधारण लष्करी न्यायालयाने दिलेली सेवामुक्ती मात्र त्याच्या अधिकाराबाहेर आहे.

दुसरा मार्ग लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाचा. त्याचे सदस्य नागरी अधिकारी असतात आणि अर्ज डीडी-१४९ या नमुन्यात करायचा असतो. चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत कायद्यात आहे, पण न्यायाच्या हितासाठी मंडळ ती शिथिल करू शकते. पंधरा वर्षे उलटून गेलेल्यांना, सर्वसाधारण लष्करी न्यायालयाची शिक्षा झालेल्यांना आणि वैद्यकीय निवृत्ती मागणाऱ्यांना हाच मार्ग खुला आहे. पंधरा वर्षे झाली नसतील तर आधी पहिल्या मंडळाकडे जावे लागते.

व्हीएच्या लाभांच्या दृष्टीने दोन्ही निर्णयांचे वजन सारखे नाही. नोंदी दुरुस्ती मंडळाने दिलेला सुधारित शेरा व्हीएवर बंधनकारक असतो. पहिल्या मंडळाने शेरा सुधारला तरी कायद्यातच असलेले काही अडथळे, उदाहरणार्थ सलग १८० दिवस किंवा त्याहून अधिक काळची विनापरवाना गैरहजेरी, आपोआप दूर होत नाहीत.

२० डिसेंबर २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांसाठी 'डिस्चार्ज अपील रिव्ह्यू बोर्ड' हा आणखी एक टप्पा आहे. आधीच्या दोन्ही मंडळांचे दरवाजे ठोठावून झाल्यावर तेथे जाता येते. त्यानंतर संघराज्याच्या न्यायालयात दाद मागता येते. यांपैकी कोणतेही मंडळ अर्जासाठी शुल्क घेत नाही. सैनिक हयात नसेल तर त्याचा जोडीदार, जवळचा नातेवाईक किंवा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतो.

सहा महिन्यांनी शेरा आपोआप सुधारतो, असा समज सैनिकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याला कोणताही आधार नाही. अर्जाशिवाय आणि पुराव्याशिवाय शेरा बदलत नाही.

मंडळ काय पाहते

मंडळापुढे दोन प्रश्न असतात. सेवामुक्तीची प्रक्रिया नियमांप्रमाणे झाली का, हा पहिला. नियम पाळले गेले असले तरी दिलेला शेरा न्याय्य होता का, हा दुसरा. लष्कराने नियमानुसारच काम केले असे मंडळ गृहीत धरून चालते. ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. 'मी चांगला सैनिक होतो, माझ्यावर दया करा' एवढ्या मजकुराचे अर्ज म्हणूनच अपयशी ठरतात.

मानसिक विकारांच्या बाबतीत २०१४ पासून परिस्थिती बदलली आहे. त्या वर्षी येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातील माजी सैनिक मदत केंद्राने व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या वतीने दावा दाखल केला. त्यांच्या सेवाकाळात पीटीएसडी हे निदानच अस्तित्वात नव्हते, ते वैद्यकशास्त्रात १९८० मध्ये आले. सप्टेंबर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी, अशा अर्जांचा उदारपणे विचार करावा, असा आदेश मंडळांना दिला. ऑगस्ट २०१७ च्या कुर्टा आदेशाने त्याची व्याप्ती वाढवून इतर मानसिक विकार, मेंदूची इजा, लैंगिक अत्याचार आणि लैंगिक छळ यांचाही समावेश केला. जुलै २०१८ च्या विल्की आदेशाने दया आणि समन्यायाच्या आधारावर कसा विचार करावा हे सांगितले, आणि सेवेनंतरचे आयुष्यही त्यात आले.

कुर्टा आदेशातील चार प्रश्न अर्जदाराने समोर ठेवूनच निवेदन लिहावे. गैरवर्तनाची तीव्रता कमी करणारा विकार किंवा अनुभव होता का? तो सेवेच्या काळात होता का? त्या विकारामुळे ते वर्तन खरोखर घडले, असे म्हणता येते का? आणि त्या वर्तनाच्या तुलनेत त्याचे पारडे जड आहे का? बहुतेक अर्ज तिसऱ्या प्रश्नावर अडतात. निदानाचा कागद जोडलेला असतो, परंतु त्या निदानाचा आणि सेवामुक्तीस कारण झालेल्या घटनेचा संबंध कुणी लिहिलेला नसतो. इराकहून परतल्यावर झोप उडाली, त्यातून मद्यपान वाढले, त्यातून हजेरी चुकली, अशी तारखांसह साखळी मांडावी लागते. त्या साखळीला दुजोरा देणारे मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र असेल तर अर्जाचे वजन पुष्कळ वाढते.

मंडळांनी हे आदेश नीट पाळले नाहीत, अशा तक्रारींवरून तिन्ही सेनादलांविरुद्ध सामूहिक दावे झाले. भूदलाविरुद्धचा केनेडी, नौदलाविरुद्धचा मँकर आणि हवाई दलाविरुद्धचा जॉन्सन हे दावे तडजोडीने मिटले आणि जुन्या फेटाळलेल्या अनेक अर्जांचा पुन्हा विचार करण्याचे मान्य झाले. पूर्वी नकार मिळालेल्या सैनिकाने आपला निकाल त्या तडजोडींच्या कक्षेत येतो का, हे जरूर तपासावे.

समलिंगी असल्याच्या कारणावरून काढलेल्यांचा मार्ग आता तुलनेने सोपा आहे. 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' हे धोरण २० सप्टेंबर २०११ रोजी संपले. जून २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी जुन्या लष्करी कलमाखाली परस्परसंमतीच्या संबंधांसाठी दोषी ठरलेल्यांना माफी दिली. परंतु माफीने शेरा बदलत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

नागरिकत्वाचा धागा

अमेरिकी लष्कराने दिलेला शेरा नागरिकत्वाशी किती घट्ट बांधलेला आहे, याचे सर्वांत जुने भारतीय उदाहरण भगतसिंग थिंद यांचे. ते १९१८ मध्ये अमेरिकी भूदलात भरती झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सन्माननीय शेऱ्यासह बाहेर पडले. त्यांना मिळालेले नागरिकत्व १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ते कायद्याच्या अर्थाने 'श्वेतवर्णीय' नाहीत, असे सांगून अमान्य केले. पुढे १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातील आशियाई वंशाच्या माजी सैनिकांना नागरिकत्वाचा अधिकार देणारा कायदा झाला आणि १९३६ मध्ये थिंद पुन्हा नागरिक झाले. वंशामुळे बंद झालेले दार सेवेच्या नोंदीने उघडले.

आजच्या कायद्यात सन्माननीय लष्करी सेवा केलेल्या परदेशी व्यक्तीला सवलतीने नागरिकत्व मिळू शकते. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ युद्धकाळ म्हणून घोषित झाला असल्याने त्या काळातील सेवेला ही सवलत अधिक व्यापक आहे. ऑनरेबल आणि जनरल हे दोन्ही शेरे यासाठी चालतात. मात्र अशा मार्गाने नागरिक झालेली व्यक्ती एकूण पाच वर्षांची सन्माननीय सेवा पूर्ण होण्याआधीच त्याहून खालच्या शेऱ्याने बाहेर पडली, तर ते नागरिकत्व रद्द होऊ शकते. परदेशी विद्यार्थी आणि कुशल कामगारांना भाषा व वैद्यकीय कौशल्यांच्या बळावर लष्करात घेणारी 'मॅव्हनी' योजना २००८ च्या अखेरीस जाहीर झाली. हिंदी, तमिळ यांसारख्या भाषा जाणणाऱ्या अनेक भारतीयांनी तिचा लाभ घेतला. २०१६ मध्ये नवी भरती थांबली आणि वाढीव तपासणीत अडकलेल्या अनेकांना कारण न सांगता सेवामुक्त केल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या.

ज्यांचे नागरिकत्व अद्याप प्रलंबित आहे, त्यांनी मंडळाकडे निवेदन देण्यापूर्वी स्थलांतराच्या कायद्याचा वकील अवश्य गाठावा. शेरा सुधारण्यासाठी दिलेली कबुली दुसऱ्या अर्जात अडचणीची ठरू शकते.

अर्जाची तयारी

पहिले काम म्हणजे नोंदी मिळवणे. डीडी-२१४ च्या संक्षिप्त प्रतीत शेरा आणि कारण नसते. त्यामुळे 'मेंबर-४' ही पूर्ण प्रत हवी. सेवेची संपूर्ण फाइल आणि वैद्यकीय नोंदी सेंट लुईस येथील राष्ट्रीय अभिलेख केंद्राकडून एसएफ-१८० या नमुन्यावर मागवता येतात. १२ जुलै १९७३ च्या आगीत तेथील सुमारे १६ ते १८ दशलक्ष फाइली नष्ट झाल्या. १९६० पूर्वी भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या कुटुंबांना म्हणून पर्यायी पुरावे शोधावे लागतात.

फाइल हाती आल्यावर सेवामुक्तीचे नेमके कारण, त्याआधीच्या तक्रारी आणि वैद्यकीय भेटी यांची तारीखवार जुळणी करावी. अर्जासोबत स्वतःचे निवेदन, सहकारी सैनिकांची पत्रे, डॉक्टरांचे मत, सेवेनंतरचे शिक्षण, नोकरी, समाजकार्य आणि व्यसनमुक्तीचे पुरावे जोडावेत. घरच्यांचे पत्रही उपयोगी पडते, कारण मुलगा किंवा मुलगी परतल्यावर स्वभाव कसा बदलला हे आई-वडिलांनीच पाहिलेले असते. असे पत्र मराठीत लिहिले तर सोबत इंग्रजी भाषांतर द्यावे. चेवीस-चोवीसाव्या रकान्यापुरते पाहून थांबू नये. सव्वीस, सत्तावीस आणि अठ्ठावीस या रकान्यांत अनुक्रमे सेवामुक्तीचा संकेत, पुनर्भरतीचा संकेत आणि कारण असते. शेरा सुधारून कारण तसेच राहिले तर नोकरी देणाऱ्याला ते दिसतच राहते. म्हणून अर्जात दोन्हींची मागणी स्पष्टपणे करावी.

मदतीसाठी अमेरिकन लीजन, डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स यांसारख्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी, काउंटीचे माजी सैनिक सेवा अधिकारी आणि विधी महाविद्यालयांतील मदत केंद्रे उपलब्ध आहेत. नॅशनल व्हेटरन्स लीगल सर्व्हिसेस प्रोग्राम ही संस्था पात्र सैनिकांना विनामूल्य वकील मिळवून देते. व्हीएच्या संकेतस्थळावर काही प्रश्नांची उत्तरे दिल्यावर कोणता नमुना कोठे पाठवायचा, हे सांगणारी सोय आहे.

निकालाला वेळ लागतो. नोंदी दुरुस्ती मंडळांनी ९० टक्के प्रकरणे दहा महिन्यांत आणि कोणतेही प्रकरण अठरा महिन्यांच्या आत निकालात काढावे, असे कायदा सांगतो. नकार मिळाल्यास निकालपत्रातील कारणे वाचून नव्या पुराव्यासह पुनर्विचार मागता येतो.

ज्या घरात असा कागद वर्षानुवर्षे बंद कपाटात आहे, त्या घराने आज त्यावरील सेवामुक्तीची तारीख पाहावी. पंधरा वर्षे पूर्ण व्हायची असतील तर डीडी-२९३ भरण्याची वेळ अजून हातात आहे. ती उलटली असेल तर डीडी-१४९ चा मार्ग उरतो.